चारशे सतरा नंबरचे यजमान

आमच्या पत्र्याच्या चाळीत बिऱ्हाडं बावीस, नळ एक, आणि पोटात गुपित ठेवू शकणारी बाईसुद्धा एकच. ती म्हणजे मी! कुणाची सून रुसून बसली, कुणाच्या पिंपातलं रॉकेल रात्रीत आटलं, सगळं माझ्या पोटात जातं आणि तिथंच जिरतं. शिवाय मी शिकलेली. शाळेत जाऊन नव्हे, वाण्याच्या पुड्या वाचून! अर्धी बातमी आज वाचायची आणि उरलेली अर्धी गूळ संपल्यावर पुढच्या पुडीत शोधायची, असं माझं शिक्षण झालं. आकड्यांत तर मी कुणाला ऐकायची नाही.

तेव्हा सत्तावन्न सालच्या श्रावणात माझ्यावर जो प्रसंग आला, तो मी या कानाचा त्या कानाला कळू न देता निस्तरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुढं काय झालं ते चाळीतल्या कुठल्याही बिऱ्हाडात विचारा. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे!

झालं असं की माझ्या दंडावर मोसंब्याएवढं गळू झालं. डॉक्टरांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं सांगितली. हे औषध आमच्या पिंपरीतच बनतं, त्यामुळं इथल्या माणसाला त्याचा कोण अभिमान! घरचं लोणचं असल्यासारखा आग्रह करकरून घेतो. चार इंजेक्शनांत गळू बसलं, तरी मी “असू द्या हो, आणखी टोचा” म्हणून आठ घेतली. गळू गेलं आणि खाज आली. कुठं आली? तिथं! याहून स्पष्ट मी लिहिणार नाही. बायकांना कळलंच असेल, पुरुषांनी आपापल्या बायकोला विचारावं.

दोन दिवस मी कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं. चार दिवस हळद लावली. पण आग काही थांबेना, आणि अंगावरून विरजलेल्या दह्यासारखं जायला लागलं. पाटावर बसवेना, उठवेना. भाकरी थापताना मी अशी काही डुलायचे की यजमान म्हणाले, “काय गं, अंगात येतंय का?”

त्या दिवसांत मला समाधान एकाच गोष्टीचं होतं. ह्यांचा डबा! आमचे हे शेजारच्या पंपांच्या कारखान्यात फिटर. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या हातच्या तिखटाला नावं ठेवली. मी कोरेगावकडची, आमच्यात ठेचा खाल्ल्यावर कान गरम झाले नाहीत तर जेवण झालं असं धरत नाहीत. डब्यातली निम्मी भाजी परत यायची. पण त्या संक्रांतीपासून काय जादू झाली कोण जाणे, डबा असा लख्ख यायचा की घासायचं काम उरेना! मनात म्हटलं, उशिरा का होईना, देवानं माणसाला जिभेची अक्कल दिली.

पण खाज काही डब्याच्या कौतुकानं जात नव्हती. शेवटी आमच्या दूधवाल्या ठकुबाईनं मला पकडलं. ठकुबाई थेरगावची, रोज डोक्यावर चरवी घेऊन यायची. मापटं ओतता ओतता म्हणाली, “बया, तुमी अशा एका पायावरून दुसऱ्या पायावर काय नाचताय? खाज हाय न्हवं?”

“शूऽ! हळू बोल!”

“अवं त्यात लाजायचं काय? मला झाली व्हती. दापोडीला बायकांचा दवाखाना हाय, बाई डाक्टर हाय. उद्या चला माज्यासंगं.”

मी तिला तुळशीची शपथ घातली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं दापोडीला गेलो. चाळीत सांगितलं, मावसबहिणीला बघायला चाललेय. बेत कसा चोख!

दवाखान्याच्या दारातच खिडकी, खिडकीत मुरारी नावाचा कंपाउंडर, त्याच्यापुढं जाडजूड रजिस्टर. माझं नाव, वय, गाव लिहून झालं आणि त्यानं विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

मी पदर सारखा केला.

“बाई, नवऱ्याचं नाव?”

आता नवऱ्याचं नाव काय असं परक्या पुरुषापुढं घ्यायचं असतं? सव्वीस वर्षांत मी घेतलं नव्हतं. घरात ‘अहो’, बाहेर ‘हे’, आणि लांब असतील तर बांगड्या वाजवायच्या. मी ठकुबाईला कोपरानं ढोसलं. अशा वेळी बरोबरच्या बाईनं नाव सांगायचं, ही रीतच आहे. पण ठकुबाईनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, “मी न्हाई घ्यायची! माज्या सासऱ्याचं नाव हाय त्ये!”

मुरारीनं टाक खाली ठेवला. “अहो, म्हणजे रोगी एक, सोबतीण एक, आणि नाव दोघींनाही माहीत नाही?”

“माहीत आहे. घ्यायचं नाही,” मी म्हटलं.

“मग उखाण्यात घ्या!”

झालं! बाकड्यावरच्या पंधरा बायका एकदम ताज्यातवान्या झाल्या. “घ्या, घ्या! उखाणा घ्या!” एकीनं तर कडेवरचं पोर खाली ठेवून टाळ्या वाजवायला हात मोकळे केले! आता सांगा, मंगळागौरीत घ्यायचा उखाणा मी खाजेच्या दवाखान्यात कसा घेऊ? आणि यमक कशाशी जुळवू?

इतक्यात मुरारीच कंटाळून म्हणाला, “बरं, कारखान्यात आहेत ना? मग बिल्ला नंबर सांगा. तेवढ्यावर भागेल.”

बघा! इथंच शिक्षण उपयोगी पडतं. ह्यांचा पितळी बिल्ला मी कधी पाहिला नव्हता, तो कारखान्याच्या फाटकावर खिळ्यालाच टांगलेला असतो. पण डबा तर मी रोज घासत होते! कारखान्यात डबे गरम करायला वाफेची मोठी पेटी आहे. सगळे डबे एकसारखे पितळी, म्हणून प्रत्येकाच्या डब्यावर त्याचा बिल्ला नंबर लाल रंगानं काढलेला. जेवणाच्या सुट्टीत जो तो आपला आकडा बघून डबा उचलतो. मी मान ताठ करून म्हटलं, “चारशे सतरा!”

बाकड्यावरच्या बायकांचा हिरमोड झाला. मुरारीनं रजिस्टरात लिहिलं: पतीचे नाव, चारशे सतरा.

आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचं नाव इंद्रायणीबाई. पांढरं पातळ, नाकावर चष्मा, आणि बोलणं असं की जणू आपण पोस्टात तिकीट घ्यायला आलोय. त्यांनी तपासलं, कापसाच्या काडीनं पुसून घेतलं, काचेवर लावलं, दुर्बिणीसारख्या यंत्रात पाहिलं आणि मलाच हाक मारली, “या, बघा तुमची पाहुणी.”

मी डोळा लावला. आत धागे आणि मणी, मणी आणि धागे!

“ही बुरशी. लोणच्यावर येते तिची बहीण म्हणा. इंजेक्शनं घेतली होती का?”

“आठ!” मी अभिमानानं म्हटलं.

“तेच. वाईट जंतूंबरोबर राखणीचे जंतूही मेले, हिला रान मोकळं मिळालं. बहुतेक तेवढंच आहे. पण खात्री करून घेऊ. परमा, गरमी, असले गुप्तरोग नाहीत ना ते पाहायला रक्त पुण्याला पाठवते. तुमचं, आणि यजमानांचंही.”

मी स्टुलावरून उडालेच! खाजसुद्धा क्षणभर थांबली. गुप्तरोग? मला? दोन लेकींची आई, एकीचं लग्न झालेलं, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी मी! “डॉक्टरीणबाई, आम्ही घरंदाज माणसं आहोत!”

“रोग घराणं विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “तांदळात खडा नाही हे कधी कळतं? निवडल्यावरच ना? मग हात पुढं करा.”

हात पुढं केला. रक्त काढताना माझं त्या सुईकडं लक्षच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं यजमान उभे होते. सव्वीस वर्षांचा ओळखीचा चेहरा, पण आता त्याला जरा खालून, जरा बाजूनं पाहायला लागले. मिशी! या वयात मिशीला तेल कशाला लागतं?

“यजमान येतील ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“ते? दाढ दुखली तर दोऱ्यानं बांधून ओढतात, पण दवाखान्यात येत नाहीत.”

“मग कारखान्यात चिठ्ठी पाठवते. अर्धा दिवस रजा मिळते. मुरारी, फक्त रक्त तपासणी एवढंच लिही.”

मला हायसं वाटलं. चिठ्ठीवर नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. ह्यांना वाटेल कारखान्याचाच हुकूम. गुपचूप रक्त देतील, गुपचूप निकाल येईल. एवढा गुळगुळीत बेत सरकारलासुद्धा जमला नसता!

लावायला एक जांभळं औषध मिळालं. त्याचा रंग असा की लागेल तिथं वतनदारासारखा बसतो. आमच्या दोरीवर ते डागाळलेलं पातळ मी दोन पातळांच्या मध्ये दडवून वाळत घालू लागले.

एक दिवस गेला, दोन गेले. ह्यांचं कारखान्यातून येणं, हातपाय धुणं, कंदील पुसणं, सगळं नेहमीसारखं. रक्त दिल्याचं एका शब्दानं काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना. हे आरशापुढं मिशीला तेल लावत होते. मी हळूच म्हटलं, “तुम्हाला मला काही सांगायचंय का?”

हातातली तेलाची वाटी कलंडली! चेहरा भिजवलेल्या पोह्यासारखा झाला. “तुला... तुला कुणी सांगितलं? सोपानरावानं?”

म्हणजे सांगण्यासारखं होतं तर! आणि त्यात सोपानराव? समोरच्या खोलीतले? एकादशीला भजन करणारे, गळ्यात तुळशीची माळ घालणारे?

“कुणी का सांगेना,” मी भिंतीला धरून म्हटलं. “कधीपासून चाललंय?”

“संक्रांतीपासून,” हे खाली मान घालून म्हणाले.

“रोज?”

“नाही, नाही! रविवार सोडून.”

आणि पायात एकच वहाण घालून हे बाहेर पळाले! दुसरी रस्त्यात घातली असावी.

रविवार सोडून! अहो, देवाचा वारसुद्धा आम्ही आठवड्यातून एकच दिवस पाळतो! दिवसभर मी चुलीपाशी बसून मनाशी एकच घोकत होते, की निकाल आला की लेकीकडं जायचं. पण लेकीला सांगायचं काय? तिच्या सासूला सांगायचं काय? भाजी करपली. ती तशीच डब्यात भरली असती, पण डबा सकाळीच गेला होता. रडावंसं वाटलं तर तेही येईना. खाजेचं रडं आणि मनाचं रडं एकदम आलं की कुठलं आधी रडावं हे माणसाला समजत नाही.

संध्याकाळी साडेपाचला कारखान्याचा भोंगा झाला, आणि थोड्या वेळानं समोरून खणकन आवाज आला. बाहेर येऊन बघते तर सोपानरावांचे टाळ अंगणात! मागोमाग मृदंग आला, तो गडगडत नळापर्यंत गेला. मग ट्रंक घेऊन कौशल्याबाई स्वतः बाहेर आल्या. सोपानरावांच्या बायको. मऊ स्वभाव, मऊ बोलणं, स्वयंपाकसुद्धा मऊ. नवऱ्याचा गळा बसू नये म्हणून घरात मिरची आणत नसत. आज मात्र त्यांच्याच डोळ्यांत मिरच्या होत्या.

“मी तळेगावला चालले! सातच्या गाडीनं! परत येणार नाही!”

बावीस बिऱ्हाडं गोळा झाली. सोपानराव दारात उभे, हात जोडलेले, माळ मागं सरकलेली. आणि त्यांच्या मागं, त्यांच्याच खांद्याला चिकटून, आमचे हे!

“काय झालं काय?” मी विचारलं.

सांगायला दत्तोबा तयारच होता. दत्तोबा कारखान्यात ह्यांच्याच खात्यात, आणि चाळीत आमच्या भिंतीपलीकडं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. “काकी, सोपानरावांना आज दवाखान्याची चिठ्ठी आली! चष्मा घरी विसरलेला, म्हणून मला म्हणाले वाच. मी वाचली.”

“मोठ्यानं वाचली!” सोपानराव कळवळले. “डब्याच्या पेटीपाशी! नव्वद माणसांत!”

“आणि त्यात गुप्तरोग लिहिलंय,” दत्तोबा म्हणाला.

“ते जाऊ द्या हो!” कौशल्याबाई कडाडल्या. “त्यात लिहिलंय, या कामगाराच्या बायकोवर उपचार चालू आहेत! मी जन्मात दवाखान्याची पायरी चढले नाही! मग ती बायको कोण? सांगा ना, ती कोण?”

दुसरी बायको! चाळीनं असा श्वास घेतला की पत्रे आत ओढल्यासारखे झाले.

माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. संक्रांतीपासून, रविवार सोडून, दोघं मिळून! सकाळपासून कोंडलेली वाफ माझ्या तोंडातून सुटली. “कौशल्याबाई, जा तुम्ही! ट्रंक मी उचलते! असल्या माणसाच्या भजनाला टाळ नाही, खेटर वाजवावं! आणि यांच्या जोडीला कोण कोण होतं तेही मी सांगते!”

हे सोपानरावांच्या मागं आणखी दोन इंच खाली गेले.

बायका म्हणाल्या, “शाब्बास दुर्गाबाई!” मी ट्रंकेची कडी धरली. तेवढ्यात कौशल्याबाईंनी हुंदका देत ती चिठ्ठीच माझ्या हातात दिली. “तुम्ही शिकलेल्या. वाचा, म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको मी खोटं बोलते.”

मी वाचली. मुरारीचं गोलमटोल अक्षर. फक्त रक्त तपासणी असं लिहायला सांगितलेल्या माणसानं निबंध लिहिला होता!

‘बिल्ला नंबर ४१७. सदर कामगाराची पत्नी आमचेकडे उपचार घेत असून गुप्तरोग नाही याची खात्री करणेसाठी पतीचे रक्त तपासणे आहे. तरी अर्धा दिवस रजा द्यावी.’

चारशे सतरा.

मी पुन्हा वाचली. आकडा बदलेना. हातातली ट्रंक सुटली आणि माझ्याच पायावर पडली, पण मला कळलं नाही.

वाचकहो, त्या क्षणी गप्प बसले असते तर माझं गुपित राहिलं असतं. गुपित ठेवण्यात माझा हात धरणारी बाई नाही, हे मी आधीच सांगितलंय. कौशल्याबाई पदर खोचून फाटकाकडं निघाल्या होत्या. सातला वीस मिनिटं कमी. अठरा वर्षांचा संसार त्या एका हिरव्या ट्रंकेत मावला होता, आणि सोपानराव मृदंग उचलून छातीशी धरून पोरासारखे रडत होते. त्या माणसाच्या वाट्याला आलेली चिठ्ठी माझी होती.

“थांबा कौशल्याबाई!” मी ओरडले. “ती पेशंट मी आहे!”

आता याचा अर्थ काय होईल याचा विचार बोलायच्या आधी करायला हवा होता. चाळीनं चिठ्ठी ऐकली होती. चिठ्ठीत म्हटलं होतं, पेशंट ही सोपानरावांची बायको. आणि मी म्हटलं होतं, पेशंट मी!

नळावरची घागर भरून वाहायला लागली. कुणी नळ बंद केला नाही.

“तुम्ही?” कौशल्याबाई फाटकाकडून मागं फिरल्या. “दुर्गाबाई, तुम्ही? मी तुम्हाला हळदीकुंकवाला बोलवलं हो!”

सोपानरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की आपलं लग्न झाल्याचं त्यांनाही आत्ताच समजतंय!

“तसं नव्हे! चिठ्ठी ह्यांच्यासाठी होती! ह्यांच्यासाठी!” मी बोट दाखवलं. पण आमचे हे सोपानरावांच्या मागं! बोट सोपानरावांच्या पोटावर जाऊन थांबलं.

“बघा, बघा! कशा खुशाल ‘हे’ म्हणतायत!” मागून कुणीतरी म्हणालं.

“अहो, हे म्हणजे हे! आमचे हे!”

“आमचे कुणाचे?” कौशल्याबाई माझ्या अंगावर आल्या. “नाव घ्या! नाव घेऊन सांगा!”

मी उखाणा जुळवायचा प्रयत्न केला, देवाशपथ! ‘चांदीच्या वाटीत’ इथवर आले. पुढं बुरशीच दिसायला लागली. मग मी डोळे मिटले, सासूबाईंची मनात क्षमा मागितली आणि ओरडले, “हिंदुराव! माझा नवरा हिंदुराव! चिठ्ठी हिंदुरावांची आहे!”

रस्त्यावरचा ट्रकसुद्धा दबकत गेला. संध्याकाळचं दूध घेऊन आलेली ठकुबाई कोपऱ्यात उभी होती. सासऱ्याचं नाव कानावर पडताच तिनं सवयीनं डोक्यावर पदर ओढून चारी दिशांना नमस्कार केला. “अगं बया, माजं मामंजी!”

मग मी थांबलेच नाही. एकदा नाव घेतल्यावर लाजेला राहिलंय काय? खाज सांगितली, बुरशी सांगितली, आठ इंजेक्शनं सांगितली, दुर्बिणीतली लोणच्याची बहीण सांगितली. जांभळ्या पातळाचं कुणी विचारलं नव्हतं, तेही सांगितलं. कौशल्याबाईंचा चेहरा हळूहळू सैल झाला.

पण दत्तोबा भोचक! “काकी, सगळं खरं. पण चारशे सतरा हा नंबर सोपानरावांचाच आहे. हिंदुरावकाकांचा चारशे एक्काहत्तर. तुम्ही नवऱ्याचा म्हणून दुसऱ्याचा नंबर का दिलात?”

“दुसऱ्याचा कसा? मी रोज घासते! डब्यावर लिहिलंय!” मी घरात धावले, ह्यांच्या पिशवीतला डबा आणला आणि सगळ्यांपुढं धरला. लाल रंगात, ठळक: ४१७.

कौशल्याबाई आत गेल्या आणि त्यांच्याकडचा डबा घेऊन आल्या. ४७१.

दोन डबे शेजारी शेजारी. दोन नवरे शेजारी शेजारी. आता कुणाला काही विचारायची गरज नव्हती, पण मी विचारलं. “संक्रांतीपासून?”

“अगं, तुझ्या तिखटानं पोटात जाळ व्हायचा,” हे पुटपुटले. “कौशल्यावहिनींची भाजी कशी... गोडसर. डबे घरी नेताना एकदाच बदलले. मग पेटीतून ज्यानं त्यानं आपल्या आकड्याचा डबा उचलायचा, आणि सुटताना घरून आणलेला डबा परत न्यायचा. आपोआप होतं.”

सोपानरावांनी डोळे पुसले. “देवाची आण, कौशल्या, तुझ्या हाताला नावं ठेवत नाही. पण दुर्गावहिनींचा ठेचा पोटात गेल्याशिवाय माझा वरचा सूर लागत नाही गं!”

म्हणजे सात महिने मी पहाटे उठून सोपानरावांचा वरचा सूर लावत होते! आणि ज्या लख्ख डब्याकडं बघून मी सुखावत होते, तो चाटूनपुसून दुसऱ्याच पुरुषानं दिलेला! मी एवढी हादरले की सांगते, गुप्तरोग निघाला असता तर परवडलं असतं. त्याला निदान औषध आहे!

“माझ्या वांग्याला गोडसर म्हणालात?” हे कौशल्याबाईंचं माझ्या ह्यांना. “माझ्या ठेच्यानं जाळ होतो?” हे माझंही ह्यांनाच. तेवढ्यात सातची गाडी शिट्टी देऊन निघून गेली. कुणाचं लक्ष गेलं नाही. ट्रंक दत्तोबानं उचलून आत नेली, आणि त्या एकादशीला अभंग दोनच झाले. तेही खालच्या सुरात!

दुसऱ्या दिवशी मी खोलीचं दार लावूनच बसले होते. म्हटलं, आता या चाळीत तोंड कसं दाखवायचं? तर दारावर टकटक. पाचव्या खोलीतल्या शालनबाई, वाटी घेऊन. “जरा साखर देता?” साखर घेतली, उंबऱ्यात घुटमळल्या, आणि हळूच म्हणाल्या, “दापोडीला नेमका कुठं हो तो दवाखाना?” त्या गेल्या आणि सोजराबाई आल्या, विरजण मागायला. मग आणखी कुणी. दुपारपर्यंत सात वाट्या आल्या. सातही जणी जाताना पत्ता घेऊन गेल्या. माझ्या घरातली साखर संपली, पण तोंड लपवायचं कारण उरलं नाही.

पुढच्या आठवड्यात ह्यांना घेऊन दापोडीला गेले. खिडकीत मुरारी. निबंधाबद्दल डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलाच झाडलेला दिसत होता, कारण मान वर न करता तो म्हणाला, “नवऱ्याचं नाव?”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, “सांग की. चाळीला सांगितलंस, रजिस्टरानं काय घोडं मारलंय?”

मी सांगितलं. रजिस्टरातला ४१७ खोडून मुरारीनं नाव लिहिलं. सुई टोचताना ह्यांनी माझा हात एवढा गच्च धरला की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. पुण्याहून निकाल आले. दोघांचं रक्त स्वच्छ! परमा नाही, गरमी नाही, काही नाही. नुसती बुरशी, आणि तीही जांभळ्या औषधाला भिऊन पळालेली. येताना एस.टी.त हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुझ्या तोंडून बरं वाटतं गं ते नाव.” मी पुढच्या बाकावरच्या म्हातारीकडं बघत बसले.

पण मनात ठरवलं. ज्या माणसानं माझ्यासाठी सुई टोचून घेतली, त्याच्यासाठी मी मिरची सोडेन! दुसऱ्या दिवसापासून डब्यात दुधीची भाजी, वर गुळाचा खडा. तिखटाचा डबा मी फळीवर इतका उंच ठेवला की स्टूल लागावं. तिकडं कौशल्याबाईंनीही हट्टानं ठेचा कुटायला घेतला. चार दिवस त्यांच्या खोलीतून शिंका ऐकू येत होत्या.

चार दिवस आमच्याकडचा डबाही निम्मा परत येत होता. मला वाटलं, सवयीला वेळ लागतो. पाचव्या दिवशी हे घरी आले ते पोट धरून. कान लाल, नाक लाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्यापुढं येऊन बसले. मी विरघळलेच! म्हटलं, सात महिन्यांचा पश्चात्ताप आज बाहेर पडतोय. पदरानं डोळे पुसून दिले. “असू द्या हो, झालं गेलं विसरले मी.”

हे कसेबसे म्हणाले, “पाणी!”

पश्चात्ताप कसला? तो कौशल्याबाईंचा ठेचा होता! डबा घासायला घेतला तेव्हा माझं लक्ष गेलं. लाल रंगात, ठळक: ४१७. एवढं सगळं रामायण झालं, पण डबे परत बदलून घ्यायचे मात्र आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं!

आणि म्हणे मी आकड्यांत कुणाला ऐकायची नाही.